झाडू वाजतो, चटणी वाजत नाही

बारकोड ही काय चीज असते हे माझ्या सासूला एका झाडूनं शिकवलं. त्या झाडूपायी पुढं माझ्या डोक्याचं जे भुस्कट झालं ते आता हसत सांगते, पण तेव्हा माझ्या तोंडाला कुणी लागत नव्हतं. मी मूळची शिरूर कासारची. आमच्याकडं पाणी कमी आणि राग जास्त, असं आमचे हे म्हणतात. अर्थात मी घरात नसताना म्हणतात.

तर झालं असं. गेवराईत हायवेला लागून एक मॉल निघाला. मॉल म्हणजे खाली किराणा आणि वरच्या मजल्यावर बादल्या, गाद्या, लहान पोरांच्या सायकली. पण आत गार हवा आहे, सामान टाकायला ढकलगाडी आहे आणि दारात टोपी घातलेला माणूस उभा असतो, म्हणून मॉल. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना तिथं पहिल्यांदा मीच घेऊन गेले, ही सगळ्यात मोठी चूक. त्यांनी एक साबण घेतला, चहाचा पुडा घेतला आणि एक झाडू घेतला. काउंटरवरच्या पोरीनं साबण त्या लाल उजेडाच्या यंत्रासमोर धरला, टिंग. चहाचा पुडा धरला, टिंग. मग झाडू आडवा केला, त्याच्या मुठीवरचं लेबल शोधलं, टिंग.

"ह्ये कावून वाजतंय गं?" आत्याबाईंनी विचारलं.

मी सांगितलं, की मालावर काळ्या रेघा असतात, त्याला बारकोड म्हणतात, यंत्र त्या रेघा वाचतं आणि त्याला मालाचं नाव कळतं. एवढं सांगून मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण मला जरा जास्तच माहिती द्यायची खोड. मी म्हणलं, "मान्यताप्राप्त मालच वाजतो, आत्याबाई."

आत्याबाईंच्या पिशवीत कारळाच्या चटणीची पुडी होती. ती असतेच. घराबाहेर पडायचं आणि पिशवीत चटणी नाही, असं त्यांचं होत नाही. कोण भेटेल, कुणाला द्यावी लागेल, काय सांगावं. त्यांनी ती पुडी काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिला वाजव."

पोरीनं पुडी उलटसुलट केली. "आजी, ह्याच्यावर तर काहीच नाही. ही वाजत नसती," असं म्हणून तिनं दोन बोटांनी पुडी मागं सरकवली. मागं रांग होती, तिची काही चूक नव्हती.

आत्याबाईंनी पुडी परत पिशवीत टाकली. घरी आल्या, झाडू कोपऱ्यात उभा केला, त्याच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "झाडूला आवाज हाय. माझ्या चटणीला न्हाई."

आता ही चटणी काय आहे ते सांगते. कारळ मंद विस्तवावर भाजायचे, लसूण, लाल मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. मिक्सर लावला तर आत्याबाई घर सोडून जातील. आमची अख्खी गल्ली ही चटणी खाते. लग्न असलं की पाहुण्यांना बांधून द्यायला दोन किलो, कुणाचं पोरगं पुण्याला शिकायला चाललं की एक डबा, आणि ऊसतोडीला निघणारी कुटुंबं दरवर्षी आमच्या दारात थांबून पिशवी भरून घेऊन जातात. त्यांना तर आत्याबाई हातानं वाढून देतात. पण बाकीचे! डबे तेलकट परत येतात. आणि मी कधी म्हणलं की अहो, किती घेताय, तर उत्तर ठरलेलं: "त्यात काय, चटणीच तर हाय." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्याबाई हसायच्या. मला वाटायचं त्यांना काहीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या मॉलमध्ये गेल्या आणि शेठला भेटल्या. शेठनं चटणी चाखली, बोट चाटलं, परत चाखली. म्हणाला, "आजी, माल एक नंबर हाय. पण बारकोड लागतो. काउंटरवर टिंग झालं तर माल माझा, न्हाई झालं तर तुमचा." आत्याबाई घरी येऊन आमच्या ह्यांना म्हणाल्या, "मला त्यो आवाज आणून दे." त्यांनी आजवर लेकाकडं कधी साडीसुद्धा मागितली नव्हती.

आमच्या ह्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्यामुळं जगातली कुठलीही वस्तू तार जोडून डायरेक्ट करता येते, अशी त्यांची समजूत आहे. ते म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? रेघा त्या रेघा." त्यांनी साबणाच्या कागदावरच्या रेघांचा झेरॉक्स काढला आणि चटणीच्या पुडीला चिकटवला.

"आणि यंत्रानं वाचल्यावर काय निघंल?" मी विचारलं.

"टिंग."

"टिंगच्या पुढं काय निघंल? अंगाचा साबण निघंल! लोकं भाकरीबरोबर साबण नेतील का घरी?"

ते थोडा वेळ विचार करत बसले, हे विशेष. मग म्हणाले, "म्हंजे प्रत्येकाचा नंबर येगळा असतोय व्हय?" हो बाबा, वेगळा असतो. नंबर देणारी एक संस्था आहे, तिच्याकडं अर्ज करायचा, कागदं जोडायची, फी भरायची, मग आपल्या नावावर नंबर होतात. ह्यांनी अर्ज भरला. कागद कमी पडला. परत भरला. फोटो तिरका निघाला. परत भरला. तिकडून फोन यायचा तो इंग्रजीत, आणि आमचे हे फोन कानाला लावून उभ्यानं "येस सर, येस सर" म्हणायचे आणि ठेवल्यावर मला विचारायचे, "काय म्हणला आसंल गं?" आत्याबाई रोज दुपारी एकच प्रश्न विचारायच्या, "आला का आवाज?"

शेवटी नंबर आले. एकटा नंबर देत नाहीत, गठ्ठ्यानं घ्यावे लागतात. पुढंमागं जवसाची, शेंगदाण्याची चटणी केली तर प्रत्येकीला एकेक लागतो, म्हणून. ह्यांनी कागदावर छापून आणले. तेरा तेरा आकड्यांचे नंबर, पानभर ओळी. सगळ्यांच्या सुरुवातीला आठ, नऊ, शून्य.

"यातला कुठलाबी पहिला घ्या," मी म्हणलं.

"आसा कसा कुठलाबी?" आत्याबाई म्हणाल्या. "नाव ठेवताना कुठलंबी ठेवतो का आपुन?"

मग निवड सुरू झाली. पहिली अट, शेवटी एक पाहिजे. आहेराच्या पाकिटात आपण एक्कावन्न घालतो, एकशे एक घालतो, शून्यावर कधी थांबत नाही, तर चटणीनं कावून थांबावं? मी समजावलं की शेवटचा आकडा आपल्या मनाचा नसतो, आधीच्या बारांच्या हिशोबानं यंत्रच तो काढतं. आत्याबाई म्हणाल्या, "काढू दे की. ज्येचा एक निघलाय त्येवढेच वाच." आणि गंमत म्हणजे हे बरोबर होतं. मला रागच आला.

एकवर संपणारे दहाएक निघाले. त्यातून एक कसा निवडायचा? आत्याबाईंनी चूल पेटवली, कढईत कारळ टाकले आणि मला समोर बसवलं. मी एकेक नंबर मोठ्यानं वाचायचा, आणि ज्या नंबराला कारळ तडतडतील तो आपला. देवाला कौल लावतात तसा. मी इतिहास घेऊन बीए झालेली बाई, कढईसमोर बसून "आठ, नऊ, शून्य" करत घामानं भिजलेली. पहिल्या दोन नंबरांना कारळ ढिम्म. तिसऱ्याला एक दाणा उडाला, आत्याबाई म्हणाल्या, "ह्यो इचार करायलाय." पाचव्या नंबरावर मी निम्म्यात असताना कढईत तडतड तडतड सुरू झालं, आणि एक दाणा उडून माझ्या मनगटाला चिकटला. मी ओरडले.

"बोलला!" आत्याबाई म्हणाल्या. "ह्योच."

"आत्याबाई, कढई तापली म्हणून तडतडले!"

"मग आधी कावून न्हाई तापली?"

मी हात टेकले. त्यांना स्वतःचा मोबाईल नंबर अजून पाठ नाही, पण तो तेरा आकड्यांचा नंबर त्यांनी दोन दिवसांत पाठ केला. कुटताना म्हणायच्या. बत्त्याच्या एका घावाला एक आकडा.

आता लेबल. आम्ही तिघं बाजारात प्रेसवाल्या भाईंकडं गेलो. भाई गावभरच्या लग्नपत्रिका छापतात, स्वभावानं गोड माणूस, आत्याबाईंना अम्मा म्हणतात आणि चटणीचं गिऱ्हाईक जुनं. त्यांच्या टेबलावर एका बाजूला लाल-पिवळ्या पत्रिकांची चळत होती आणि दुसऱ्या बाजूला काळ्या शाईतली तेराव्याची पत्रं वाळत ठेवली होती. भाई म्हणाले, "अम्मा, नंबर द्या, रेघा आपोआप बनतेत. काळ्या रेघा, तेरा आकडे, मामला खतम."

आत्याबाई त्या वाळणाऱ्या पत्रांकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "तेरा आकडे. आन् काळ्या शाईत." मग माझ्याकडं आणि ह्यांच्याकडं वळून एकदम मोठ्यानं, "माझ्या चटणीचं तेरावं घालायलात का तुमी?"

"आत्याबाई, चटणी काळीकुट्ट हाय!" मी म्हणलं. "तुमच्या गळ्यातले मणी काळे हायेत!"

"मणी सोन्यात ओवलेत. आन् चटणी काळी न्हाई, कारळाची हाय."

मी आशेनं भाईंकडं बघितलं. भाई म्हणाले, "भाभी, अम्मा बराबर बोलतेत. शुभ कामाला मी पण काळी शाई न्हाई लावत. लाल करू. कुंकू के माफिक." आमचे हे म्हणाले, "रेघा त्या रेघा." तिघं एका बाजूला आणि मी एका बाजूला. आणि खरं सांगायचं तर मलाही लाल बरा वाटला. दिसायला छान दिसत होता. सगळा दोष त्यांच्यावर ढकलायची माझी फार इच्छा आहे, पण मीही मान डोलावली होती.

मग आत्याबाईंनी रेघा मोठ्या करायला सांगितल्या. म्हाताऱ्या माणसाला दिसल्या पाहिजेत म्हणून. मी म्हणलं, म्हातारी माणसं त्या वाचत नाहीत, यंत्र वाचतं. "यंत्रालाबी नीट दिसू दे की," त्या म्हणाल्या. भाईंनी रेघा वाढवल्या. परत वाढवल्या. शेवटी लेबलावर "कारळ चटणी" ही अक्षरं बारीक आणि त्याखाली तळहाताएवढ्या लालभडक रेघा, असं ते ध्यान तयार झालं.

एवढं करून आम्ही अगदीच अडाणी नव्हतो. ह्यांनी मोबाईलवर रेघा वाचायचं ॲप घेतलं आणि पहिल्याच लेबलावर धरलं. मोबाईल टुक करून वाजला आणि तेराच्या तेरा आकडे बरोबर दाखवले. भाईंनी टाळी वाजवली. मी आकडे लेबलाशी ताडून बघितले, एकही चुकला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "ह्यो आवाज त्यो न्हाई." कुणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी पन्नास पुड्या घेऊन आम्ही मॉलमध्ये गेलो. आत्याबाई लग्नाला नेसायची साडी नेसल्या होत्या. शेठनं चटणीचं नाव, नंबर आणि भाव कॉम्प्युटरात भरून घेतला, पुड्या मांडायला लोणच्याशेजारची एक फळी दिली आणि स्पष्ट सांगितलं, "आज काउंटरवर चालला तर माल राहील. न्हाई तर ही जागा मी एका लोणचंवाल्याला बोललोय, तो दुपारी गाडी घेऊन येतोय. मग मला म्हणू नका." आत्याबाईंनी पुड्या स्वतः लावल्या, लाल रेघा पुढं करून. मग दोन पावलं मागं सरकून बघितलं, परत पुढं जाऊन एक पुडी उचलली आणि गिऱ्हाइकासारख्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पैसे मी देते म्हणलं तर नको म्हणाल्या.

काउंटरवर तीच पोरगी होती. तिनं ओळखलं. "आजी! आणल्या का रेघा?" आणि पुडी यंत्रासमोर धरली.

काही नाही.

तिनं पुडी तिरकी धरली. सरळ धरली. लेबलावरून अंगठा फिरवला, ओढणीनं पुसलं, जवळ नेलं, लांब नेलं. यंत्र आपलं लाल डोळा उघडून गप्प. आमचे हे मागून म्हणाले, "वायर लूज असंल," आणि यंत्राची वायर हलवायला लागले, तेव्हा टोपीवाल्यानं त्यांचा हात धरला. पोरगी म्हणाली, "थांबा, नंबर टाईप करून बघते," आणि ती पुडी डोळ्याजवळ नेणार तोच आत्याबाईंनी न बघता सांगायला सुरुवात केली. आठ, नऊ, शून्य, आणि पुढचे सगळे, शेवटच्या एकापर्यंत, कुटायच्या ठेक्यात. पडद्यावर नाव उमटलं, कारळ चटणी.

"आलं की नाव!" मी म्हणलं.

"आवाज न्हाई आला," आत्याबाई म्हणाल्या.

शेठ येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "वैनी, गर्दीत माझ्या पोरीनं तेरा आकडे बडवत बसायचं का? मशिनला वाचता येत न्हाई तर माल उचला." एवढ्यात आमच्या मागच्या काकांनी कंटाळून त्यांची वस्तू पुढं केली. आणि देवा, ती काय असावी? झाडू. पोरीनं सवयीनं धरला. टिंग.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या झाडूकडं बघत होत्या. त्यांनी पदर नीट केला. मला इतकं वाईट वाटलं की मी शेठवर ओरडायला लागले. तुमचं मशिनच भंगार आहे, मोबाईल वाचतो आणि तुमचं एवढं मोठं यंत्र वाचत नाही, गोरगरिबाच्या मालाला नाटकं करता. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण दारातली माणसं आत बघायला आली होती.

"वैनी, माझ्यावर कावून वरडता?" शेठ म्हणाला. "रेघा मी छापल्या का?"

पोरगी मधे पडली. "ताई, मशिन खराब नाही. मशिनचा उजेड लाल आहे ना. लाल उजेडात लाल रेघ त्याला दिसतच नाही, सगळा कागद पांढराच दिसतो. मागं एका फरसाणवाल्याचं असंच झालं होतं. रेघा काळ्याच लागतात." नंतर मला कळलं की संस्थेनं पाठवलेल्या कागदात हे सगळं रंगासकट लिहिलेलं होतं. तो कागद ह्यांच्या दुकानात तांब्याच्या तारेखाली पडलेला सापडला.

आत्याबाईंनी पोरीला विचारलं, "काळ्या आसत्या तर वाजली आसती?"

"वाजली असती, आजी."

"समद्या रेघा वरपासून खालपर्यंत लागतेत?"

"नाही, मधला बोटभर पट्टा दिसला तरी बास. पण सगळ्या रेघा पाहिजेत."

"पेन हाय का काळा?"

पोरीनं शेजारच्या वहीपेनाच्या रॅकमधून एक काळा पेन काढला आणि आधी त्याचं बिल केलं. टिंग. पेनसुद्धा वाजला. मी आत्याबाईंकडं बघायचं टाळलं.

आत्याबाई तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसल्या. भांड्यांच्या रॅकमधून एक स्टीलचं ताट मागवून मांडीवर पालथं घातलं, त्यावर पुडी सपाट केली आणि पहिली लाल रेघ काळी करायला घेतली. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थक्क झाले. रोज सकाळी दारात बोटांतून रांगोळी सोडणारा हात तो, बारीक रेघ बारीकच राहत होती, जाड रेघ दोनदा हात फिरवून कडेपर्यंत भरत होती, पण कडेच्या बाहेर जात नव्हती. रेघा तळहाताएवढ्या केल्या होत्या म्हणून हे जमत होतं. नाहीतर कुणाच्या बापाला जमलं नसतं.

पण माझी जीभ! मी म्हणलंच, "आता चालली व्हय काळी शाई?"

"शाई कुठंय? तीट लावायलेय मी," आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या. "ह्या माझ्या लेकाला साळंत जाईस्तोवर गालाला तीट लावली. काळीच हुती. चांगल्या जिनसाला नजर लागू न्हाई म्हणून काळंच लावतेत."

रांग हसायला लागली. आमचे हे, मिशा असलेला सहा फुटी माणूस, गालावर हात फिरवत बिस्किटांच्या रॅकमागं गेले.

मग तर सगळा मॉलच गोळा झाला. झाडूवाले काका झाडू काखेत धरून आत्याबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि "मावशी, ही जाड हाय, ही जाड हाय," असं बजावत होते. एका बाईनं घामानं शाई पसरेल म्हणून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला. शेठ म्हणाला, "चला, चला, गर्दी करू नका," आणि स्वतः सगळ्यात पुढं येऊन उभा राहिला. तीस रेघा होत्या. मी मोजल्या, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

शाई वाळल्यावर पोरीनं पुडी घेतली. तिनं धरली. काही नाही. परत धरली. काही नाही. शेठनं घड्याळाकडं बघितलं.

"थांबा, थांबा," झाडूवाले काका म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुडी नाकाला लावली. "ह्ये बघा, मधी दोन बारक्या जवळ जवळ हायेत. त्यातली एक लालच राहिली." खरंच, अगदी मधोमध केसासारखी एक रेघ लाल राहिली होती. आत्याबाईंनी श्वास धरला, पेन टेकवला आणि एका दमात खाली ओढला. पुडी स्वतःच पोरीच्या हातात दिली.

टिंग.

काकांनी झाडू वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी रडायला लागले, आणि शेठ म्हणाला, "सोमवारपर्यंत काळ्या रेघांची लेबलं लावून आणा. फळी तुमची." मी हो हो म्हणाले. आत्याबाईंनी शेठकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचं सगळं लक्ष यंत्राकडं होतं.

"परत," त्या पोरीला म्हणाल्या.

"आजी, परत धरली तर बिलात दोन येतील."

"येऊ दे."

टिंग.

"परत."

टिंग.

"अहो आत्याबाई, पुडी एक आणि पैसे तिनाचे?" मला राहवलं नाही. "आपलीच चटणी ती! कावून?"

आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि नोटा सरळ करून काउंटरवर ठेवल्या.

"इतकी वर्सं समद्यांनी चटणीच तर हाय म्हणून फुकट नेली," त्या म्हणाल्या. "इकत घेताना कसं वाटतंय ते मला तर बघू दे."

पोरीनं पिशवी लागेल का विचारलं, तर त्या नको म्हणाल्या. मॉलपासून घरापर्यंत त्या ती पुडी हातात धरून चालल्या, रेघांची बाजू लोकांना दिसेल अशी.